तांब्याच्या जागी फोन

मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवणारी ॲपं बनवते, हे माझ्या माहेरी कुणालाच कधी धड कळलं नाही. शहापुरात घरी बसून काम करते, महिन्यातून एखाद्या वेळी ठाण्याला ऑफिसात तोंड दाखवून येते, एवढं सांगून मी मोकळी व्हायचे. माझा थोरला भाऊ, दादा, भावकीत सांगायचा, "ती कॉम्प्युटरचं कायतरी करते." त्या 'कायतरी'ची परीक्षा ऑफिसात कधी एवढी झाली नाही, जेवढी माहेरच्या पडवीत झाली. आणि तिथं आधी माझी चांगलीच नाचक्की झाली.

माहेर मुरबाड तालुक्यातलं. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावकडे निघालं की वाटेत एक फाटा आत जातो, तिथं. आमच्याकडे लग्नाला धवळे लागतात. भटजी मंगलाष्टकं म्हणतात ते वेगळं. हळद दळण्यापासून उंबराची फांदी मांडवात येईपर्यंत प्रत्येक कामाचा आपला एक धवळा, म्हणजे त्या कामाचं गाणं असतं, आणि ती गाणी सांगणारी बाई म्हणजे धवळारीण. आमच्या भावकीची धवळारीण माझी आई. ती येऊन बसल्याशिवाय जात्याला कुणी हात लावत नसे.

नव्या बायांना धवळे शिकवायची तिची स्वतःची एक रीत होती. बायांना गोलात बसवायची आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या पहिलीच्या हातात द्यायची. जिच्या हातात तांब्या, तिचं कडवं. तिनं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं, म्हणजे मागून म्हणायचं, आणि कडवं संपलं की तांब्या शेजारणीच्या हातात. गाण्याच्या नादात कुणाच्या लुगड्यावर पाणी सांडलं की सगळ्या खिदळायच्या. हळदीच्या धवळ्यात नवरीच्या घरातल्या बाया एकेक करून येतात. तिची आई येते, काकी येते, मावशी, आत्या, आणि आपापल्या हातानं हळद दळून जातात. शेवटचं कडवं आजीचं. ते गोलात शेवटी बसलेली आमची आई म्हणायची, तांब्या खाली ठेवायची, आणि मग चहा.

गेल्या पावसाळ्यानंतर आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, वाचा गेली. समजायचं सगळं. डोळे आधीसारखेच तिखट. पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "बाय". पाणी पाहिजे, "बाय". वासरू सुटलं, "बाय". बाय म्हणजे पोरगी, मला ती जन्मभर तशीच हाक मारत आली; आता मिशीवाल्या दादालाही "बाय" म्हणायची. दादा हसायचा, "बोल गो आये, मी तुझी बाय," आणि मग काहीतरी काम काढून बाहेर अंगणात जाऊन उभा राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाचा परत येईलही, न येईलही. असल्या उत्तराचं माणसानं काय करायचं!

अशात दादाच्या पोरीचं लग्न ठरलं. घरातलं पहिलं नातवंड, आणि आजी धवळारीण असून तोंडात शब्द नाही. मला त्या विचारानंच रडू यायचं. वहिनीला धवळे अर्धेमुर्धे येत होते. आईच्या पाठीशी उभी राहून झेलणं वेगळं आणि पुढं होऊन सांगणं वेगळं. दादानं आपला तोडगा काढला. आई धडधाकट असताना मी तिचे सगळे धवळे मोबाइलवर व्हिडिओत उतरवून ठेवले होते. तो म्हणाला, "ते स्पीकरवर लावून टाकू हळदीच्या दिशी. आईचाच आवाज हाय, आणि काय पायजे?"

आई पलंगावर बसली होती. तिनं ते ऐकलं आणि डाव्या हातानं पलंगाची पाटी बडवायला लागली. "बाय, बाय, बाय." डोळ्यांतून घळाघळा पाणी. धवळा माणसाच्या तोंडातून आला पाहिजे, यंत्रातून नव्हे, हे तिला सांगायचं होतं ते आम्हां सगळ्यांना लख्ख कळलं. वहिनी पुढं झाली आणि म्हणाली, "मी सांगेन, आई. मी शिकते. तुमी रडू नका." दादा म्हणाला, "बग, जमतंय का. हळदीच्या आधी नाय जमलं तर स्पीकर लावणार, चारचौघांत हसं नको." असं ठरलं. म्हणजे हळदीपर्यंत वहिनी आणि भावकीतल्या बाया तयार झाल्या तर आईचा धवळा आमच्या घरात राहणार, नाहीतर काळ्या डब्यातून वाजणार आणि तिथंच संपणार.

नुसते व्हिडिओ वहिनीला पाठवले असते तरी भागलं असतं. पण मला शहाणपणा सुचला. मी त्यांचं छोटं ॲपच बनवलं. वर आईचा व्हिडिओ, खाली मोठ्या अक्षरांत शब्द. आईचं एक कडवं झालं की ॲप जरा थांबणार, म्हणजे बायांना म्हणायला जागा, आणि मग पुढचं कडवं. स्वतःवरच खूश होऊन मी ते वहिनीच्या फोनमध्ये घालून दिलं. तिचा फोन साधाच, स्वस्तातला, मेमरी बेताची. तरी छान चाललं. वहिनी म्हणाली, "वन्स, हे झकास केलंत!" मी आपली तरंगतच शहापूरला आले.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा फोन. "वन्स, तुमचा ॲप बसला."

"बसला म्हणजे?"

"म्हणजे आई गात असतात, गात असतात, आणि फाटकन बंद. परत लावला का पयल्यापासून."

"तू काहीतरी दाबलं असशील."

"मी काय दाबू? माझ्या हातातबी नव्हता, काकीच्या हातात व्हता."

काकी म्हणजे शेजारच्या घरातल्या आमच्या चुलत काकी. जिभेला हाड नाही. मागून त्यांचा आवाज आलाच, "तिला सांग, तुझा ॲप लाजतो गो बायांत!"

ॲप बंद पडलं की माझ्याकडे रिपोर्ट येतो, तो मी उघडून पाहिला. मेमरी भरली म्हणून फोननं ॲप बंद केलं, असं त्यात स्वच्छ होतं. व्हिडिओ ही वस्तू मेमरी फार खाते. चालणारा तुकडा, पुढचा थोडा तुकडा, त्यातलं प्रत्येक चित्र, हे सगळं फोनला हाताशी धरून ठेवावं लागतं. जागा संपली की फोन दयामाया करत नाही, ॲपला सरळ बाहेर काढतो. पण माझ्या ॲपमध्ये एका वेळी एकच व्हिडिओ चालत होता. एवढ्याशानं मेमरी भरायचं कारण काय? वहिनीकडे आहे तसलाच फोन मी ऑफिसातून मागवून घेतला, टेबलावर स्टँडला लावला आणि अख्खी दुपार आईचे धवळे चालवत बसले. एकदाही बंद पडलं नाही. माझ्या सासूबाई आतून येऊन म्हणाल्या, "आता मला पाठ झाला."

मग मी व्हिडिओच हलके करून पाठवले, चित्र बारीक केलं. दुसऱ्या दिवशी वहिनी कडाडली, "वन्स, आईंचं तोंडच दिसत नाय. श्वास कुठं घ्यायचा ते ओठांवरनं कळतं, आता नुसती भुतासारखी पांढरी सावली हालते!" आणि बंद पडायचं ते पडतच होतं. परत चांगले व्हिडिओ घातले. परत बंद. वहिनीनं एक गोष्ट मात्र सांगितली, आणि ती मी कानाआड केली. "एकटी असली का नाय पडत बंद. सकाळी चुलीपाशी मी पुरा धवळा ऐकते. बाया जमल्या का पडतो."

"बाया जमल्या म्हणून मेमरी भरत नसते गं," मी म्हणाले.

"मंग काकी बोलतात तेच खरं. बायांची दृष्ट लागते त्याला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, एवढा धवळा येत नाही का तुला, एकटीनं ऐकून शिक की! ती हळूच म्हणाली, "एकटीनं धवळा होत नाय, वन्स. झेलायला बाया लागतात. आईंनी तसंच शिकवलंय." ते खरंच होतं, पण माझं डोकं तेव्हा जागेवर नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी दादानं फोन करून अगदी प्रेमानं सांगितलं, "जाऊ दे गो, तू नको त्रास करून घेऊ. स्पीकरवाल्याला सांगून ठेवतो. हळद आठवड्यावर आली."

तुला डोंबल कळतंय, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं, फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप पाठीला लावून स्कूटीला किक मारली. किन्हवलीपर्यंत मी मनातल्या मनात त्या फोनशी, दादाशी आणि काकींच्या दृष्टीशी भांडत होते.

जेवणं उरकून बाया पडवीत जमल्या. वहिनी, काकी आणि भावकीतल्या आणखी चार-पाच जणी. आईला वहिनीनं धरून आणून नेहमीसारखं गोलात शेवटच्या जागी भिंतीला टेकवून बसवलं. आईनं डावा हात मांडीवर ठेवला, पंजा उघडा, वर तोंड करून. बाया जमल्या की रोज तशाच बसतात, असं वहिनी म्हणाली. आम्हांला ते आजाराचंच काहीतरी वाटलं. मी म्हणाले, "तुम्ही रोज करता तसंच करा. मी बोलणार नाही, फक्त बघणार." काकी म्हणाल्या, "न बोलता? तुला जमल का?"

वहिनीनं फोन हातात घेतला. दोन्ही हातांच्या ओंजळीत. आईचं पहिलं कडवं झालं, ॲप थांबलं, वहिनीनं कडवं म्हटलं, बायांनी झेललं. आणि तिनं तो फोन शेजारणीच्या ओंजळीत दिला.

तांब्या! या बायांनी तांब्याच्या जागी माझा फोन धरला होता. जिच्या हातात फोन, तिचं कडवं. एकीनं उभा धरला. तिनं पुढं दिला, तो घेणारीनं आडवा घेतला, कारण आडवा धरला की अक्षरं मोठी दिसतात. तिसरीनं परत उभा केला. काकींनी तर तो ओंजळीतच दोनदा फिरवून पाहिला, जसा तांब्याचा काठ बघून घ्यावा. दर वेळी पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि आई पुन्हा दिसायला लागायची. गोल अर्धा सरला होता. काकींच्या पलीकडच्या बाईच्या हातात फोन गेला, काळा झाला, आणि आई पुन्हा आलीच नाही.

"गेला!" सगळ्या एका सुरात. त्याचाही एक धवळाच झाला होता त्यांचा. वहिनीनं फोन परत घेतला आणि पहिल्यापासून लावला.

मी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या टेबलावर फोन स्टँडला चिकटून उभा. वहिनी एकटी असताना तो तांदळाच्या डब्याला टेकून उभा. जागचा हललाच नाही, तर बिघडणार कधी? एक फोन, एक माणूस, एकच हात, असं धरून मी ते बनवलं होतं. एका फोनला सात-आठ जणींचे हात लागतील, आणि तेही असे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

फोन उभ्याचा आडवा झाला की ॲप सगळा पडदा मोडून नव्यानं मांडतं. नव्या पडद्यावर व्हिडिओ चालवायला मी नवा चालक, म्हणजे प्लेअर, उभा करत होते. आणि जुन्याचं काय? त्याचा आवाज मी बंद केला होता, म्हणून तो गेला असं मी धरून चालले होते. तो गेला नव्हता. मुका होऊन तिथंच बसला होता, आपली सगळी मेमरी मांडीखाली घेऊन. पंगतीत जेवून झालेली पत्रावळ न उचलता तिच्यावरच नवी मांडत जावी, तसं चाललं होतं. प्रत्येक हाताला एक नवी पत्रावळ. चौथ्या-पाचव्या हाताला फोनला जागाच उरत नव्हती.

"सापडलं!" मी एवढ्यानं ओरडले की कोंबड्या उडाल्या. काकींना म्हणाले, "काकी, दृष्ट नाही, माझीच चूक आहे. तुम्ही फोन फिरवता, आणि मी आधीचा व्हिडिओ उठवतच नाही."

"बग! मी बोलत नव्हती, बायांमुळंच बंद पडतो," काकी म्हणाल्या. यांच्यापुढं हात टेकले.

दादा तेवढ्यात शेतावरून आला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढंच ना? मंग फोन फिरायचा बंद करून टाक. सेटिंगमध्ये असतं ते."

"आणि काकींनी आडवा धरला की आई भिंतीवरच्या पालीसारखी आडवी दिसू दे? बायांनी का रीत बदलायची? मी माझं बदलते."

पडवीच्या खांबाला टेकून तिथंच लॅपटॉप उघडला. काम फार नव्हतं. पडदा मोडायच्या आधी जुन्या चालकाला नीट निरोप द्यायचा, त्याची सगळी जागा मोकळी करून घ्यायची, आणि आई कुठल्या शब्दावर होती तेवढं नव्याला सांगायचं. हे प्रत्येक नवशिक्याला शिकवतात, आणि मी गडबडीत गाळलं होतं. स्वतःचा राग आला, पण तो करत बसायला वेळ नव्हता. बाया चहा पीत होत्या, माझा कप गार झाला. मी वायर लावून वहिनीच्या फोनमध्ये नवं ॲप घातलं आणि फोन तिच्या ओंजळीत दिला.

गोल पुन्हा सुरू झाला. वहिनी. शेजारीण. उभा, आडवा, उभा. पडदा काळा व्हायचा, पण प्रत्येक वेळी आई परत यायची. काकींनी मुद्दाम तीन-चारदा फिरवला, मेल्याची परीक्षाच घेतली. मग पलीकडची. फोन तिच्याही हातात चालू राहिला. तिची पुढची बाई तर इतकी गोंधळली की कडवं म्हणायचंच विसरली, कारण तिच्यापर्यंत फोन आजवर आलाच नव्हता. सगळ्या हसल्या. तिनं पदर सावरून कडवं म्हटलं.

आता शेवटचं कडवं. आजीचं. पडद्यावरची आई ते म्हणून थांबली. फोन जिच्या हातात होता ती बाई आईच्या शेजारीच बसलेली. तिनं फोन वहिनीकडे परत द्यायला हात लांब केला, आईच्या पुढ्यातून.

आणि आईचा डावा हात वर आला. तोच, मांडीवर उघडा ठेवलेला.

ती इतके दिवस तांब्याची वाट बघत बसली होती. रोज दुपारी हात उघडा ठेवून. आणि रोज तिच्यापर्यंत पोचायच्या आधी फोन बंद पडत होता आणि बाया परत पहिल्यापासून सुरू करत होत्या. हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. त्या बाईनं फोन आईच्या पंजात ठेवला. आईनं तो छातीशी धरला, डोळे मिटले, आणि गायला लागली.

बोलली नाही. गायली. आवाज चिरकलेला, खालचा, पण शब्द न शब्द जागच्या जागी. आजी आली गो, जात्याशी बसली, हळद दळाया. कडवं पुरं केलं. झेलायचं असतं हेच सगळ्या विसरल्या. मग वहिनीनं ते झेललं, आणि मग काकींनी, आणि मग सगळ्यांनी. आईनं फोन जमिनीवर ठेवला, जसा तांब्या ठेवायची तसा. मी तिच्यापुढं बसून रडत म्हणाले, "आई, तू गायलीस! काहीतरी बोल ना." तिनं माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले, खूप प्रयत्न केला. "बाय," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, होतं असं कधीकधी. बोलणं जातं त्या माणसाचंही गाणं राहू शकतं. मग आम्हांला आधी का नाही सांगितलंत, असं मी त्यांना जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते म्हणाले, तुम्ही कुणी सांगितलं होतं का, की त्या गातात?

हळदीच्या दिवशी स्पीकर आला नाही. फोनही नव्हता, वहिनीला आता त्याची गरज नव्हती. तिनं विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरून तांब्या आणला, पुढं होऊन धवळा सांगितला, आणि तांब्या बायांच्या गोलातून फिरत फिरत नवरीच्या आजीपाशी आला. एका हातात भरलेला तांब्या पेलेना. निम्मं पाणी आईच्या मांडीवर सांडलं, बाया खिदळल्या, आईही हसली, आणि तिनं आपलं कडवं म्हटलं. दादा दाराशी उभा होता. कडवं संपल्यावर आईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाय."

दादा हसला. डोळे पुसत आत आला, आणि सगळ्या बायांच्या देखत आईच्या शेजारी मांडी घालून बसला.